गच्चीवरून स्पेस स्टेशन ऐकायचा उद्योग : इचलकरंजीतली नोंदवही, डिसेंबर २०२४ ते जुलै २०२५

भाचीच्या जुन्या प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर या नोंदी लिहिल्या होत्या. कुणाला असलं काही करायचं असेल तर निदान आमच्या चुका तरी परत करू नयेत, म्हणून इथं उतरवतोय. चुकांची पानं गाळलेली नाहीत. गाळली असती तर चार ओळी उरल्या असत्या.

२१ डिसेंबर २०२४, शनिवार

ठरलं एकदाचं. आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवरून ख्रिसमसपासून ५ जानेवारीपर्यंत रेडिओवर चित्रं सोडणार आहेत. याला एसएसटीव्ही म्हणतात. चित्राचा आवाज करून पाठवतात, आपण तो आवाज पकडून परत चित्र करायचं. फ्रिक्वेन्सी १४५.८०० मेगाहर्ट्झ, मोड (चित्र पाठवायची पद्धत) पीडी-१२०. आम्ही फक्त ऐकणार. उलट बोलायचं तर हॅमचं (हौशी रेडिओवाल्यांचं) लायसन्स लागतं, ते आपल्याकडे नाही.

माणसं दोन. मी, म्हणजे लूमचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणारा, आणि आठवीतली भाची. डोक्यात किडा तिचाच. सुनीता विल्यम्स जूनमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून वर गेल्या त्या अजून तिथंच आहेत. त्यांचं स्टारलायनर यान सप्टेंबरात रिकामंच परत आलं. "मामा, त्या आपल्या डोक्यावरनं जातात तेव्हा काही ऐकू येतं का?" एवढ्या एका प्रश्नावर हे सगळं सुरू झालंय.

खर्च आजपर्यंत : यूएसबी डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ) १,४५० रुपये (ऑनलाइन), आरजी-५८ केबल दहा मीटर ३८० रुपये, कनेक्टर १६० रुपये. लॅपटॉप जुना आहे, बॅटरी अर्धा तास टिकते.

२३ डिसेंबर

अँटेना केला. दूरदर्शनच्या काळातला टीव्हीचा अँटेना माळ्यावर पडून होता, त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या. दोन नळ्या, मधला कोन १२० अंश, प्लायवूडच्या तुकड्यावर स्क्रूनं घट्ट. व्ही-डायपोल म्हणतात.

पहिली चूक : माप ५३ सेंटिमीटर घेतलं. ज्या लेखातून उतरवलं तो हवामान उपग्रहांसाठी होता, १३७ मेगाहर्ट्झचा. आपल्याला हवं १४५.८. म्हणजे प्रत्येक बाजू ४९ सेंटिमीटरच्या आसपास. नशिबानं नळ्या लांबच राहिल्या होत्या. परत करवत लावली. आखूड कापल्या असत्या तर भंगारात गेल्या असत्या.

२५ डिसेंबर

दुपारभर गच्चीवर बसलो. लॅपटॉपवर उन्हामुळं काही दिसेना, म्हणून डोक्यावर चादर घेतली. शेजारच्या अण्णांनी विचारलं, "फोटो काढताय काय?" काहीही आलं नाही.

संध्याकाळी कळलं की जाहीर केलेली वेळ यूटीसीत होती. मी ती आपली वेळ समजलो. साडेपाच तास आधीच जाऊन बसलो होतो. भाचीनं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं : यूटीसी + ५.३० = आपली वेळ. जे हे वाचून सुरुवात करणार आहेत त्यांनीही तेवढं आधी लिहून ठेवावं.

२६ डिसेंबर

वेळ बरोबर, तरीही काही नाही. वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सिग्नल वरून खाली ओघळताना दिसतात ते) नुसत्या उभ्या पिवळ्या रेघा, कुंपण घातल्यासारख्या. माझा पहिला संशय लूमवर. इचलकरंजीत गल्लीच्या दोन्ही बाजूंना माग चालू असतात, त्यात आता इन्व्हर्टर ड्राइव्ह आलेत, आणि ते काय घाण सोडतात हे मला धंद्यामुळं माहीत आहे. अण्णांना जाऊन विचारणार होतो, दहा मिनिटं माग बंद ठेवता का म्हणून. बरं झालं विचारलं नाही.

घराचा मेन स्विच पाडला, लॅपटॉप बॅटरीवर. निम्म्याहून जास्त रेघा गायब! मग एकेक सर्किट चालू करत गेलो. चोर सापडला : जिन्यातला ६० रुपयांचा एलईडी दिवा, अँटेनापासून दीड मीटरवर. तो काढला, साधा पिवळा बल्ब लावला. लूमच्या रेघा आहेत, पण मागं, फिकट. पोटापाण्याची ती रेघ असू दे.

याला पूर्ण संध्याकाळ गेली. दोन पास वाया. (पास म्हणजे स्टेशनची आपल्या आकाशातली एक फेरी. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जास्तीत जास्त दहा मिनिटं.)

२७ डिसेंबर

मिरजेला हॅम लायसन्स असलेले एक काका आहेत, ओळखीतून नंबर मिळाला. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डोंगल किती पीपीएम सरकतंय?" मला पीपीएम (दहा लाखात कितीचा फरक) माहीत, पण डोंगललाही असतं हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी ते मुद्दाम आले. खिडकीत उभं राहून त्यांनी आपल्या हँडसेटवरून १४५.५०० वर दोन सेकंद कॅरियर (न बोलता नुसता सिग्नल) सोडला. आमच्या स्क्रीनवर तो उमटला भलतीकडेच, जवळजवळ साडेआठ किलोहर्ट्झ बाजूला. म्हणजे ५८ पीपीएम. स्टेशन आपल्याकडे येताना आणि जाताना डॉप्लरमुळं फ्रिक्वेन्सी हलते तीसुद्धा या बँडवर इकडे साडेतीन किलोहर्ट्झ, तिकडे साडेतीन. आमची चूक त्याच्या दुपटीहून जास्त. दोन दिवस आम्ही शेजारच्या घराचं दार वाजवत होतो.

स्वस्त डोंगलमध्ये क्रिस्टल साधा असतो, तापला की सरकतो. सॉफ्टवेअरमध्ये ५८ टाकलं. शिवाय नियम केला : पासच्या आधी पंधरा मिनिटं डोंगल चालू ठेवायचं, तापू द्यायचं, मगच भरवसा. पैसे असतील तर टीसीएक्सओवालं (तापलं तरी न सरकणाऱ्या क्रिस्टलचं) घ्या. विकणाऱ्याच्या पानावर तसंच लिहिलं होतं म्हणा. उघडून बघितल्यावर आत ते नव्हतं.

काका जाताना डायपोलकडे बघून म्हणाले, "हे चालतंय, पण हातात धरायची यागी करा. टेपची."

२८ डिसेंबर, शनिवार

टेपची यागी. यागी म्हणजे एकाच दिशेकडे रोखायचा अँटेना. सुताराची स्टीलची मोजपट्टी कापून तिचेच अँटेनाचे दांडे करायचे. हॅम लोकांत जुना, चाललेला नुस्खा आहे. आमची मापं : मागचा दांडा (रिफ्लेक्टर) १०५ सेंटिमीटर, मधला दोन तुकड्यांत ४५ अधिक ४५, पुढचा (डायरेक्टर) ८९. मागच्यापासून मधला २० सेंटिमीटरवर, मधल्यापासून पुढचा ३२ वर. मधल्या दोन तुकड्यांना जोडणारी तारेची हेअरपिन, साधारण १३ सेंटिमीटर तार वाकवून. बूम म्हणून अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दांडे धरायला पाइपचे क्रॉस आणि होज क्लिपा.

काय बिघडलं : टेपला डाग बसेना. पिवळ्या रंगावर सोल्डर मोत्यासारखं घरंगळतं. पॉलिश पेपरनं रंग काढला तरी बसेना, कारण स्टील उष्णता पिऊन टाकतं. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री कामाची नाही. दुकानातून ६० वॉटची आणली, आधी टेपवर फ्लक्स लावून कथिलाचा थर चढवला, मग तार जोडली. टेप कापताना डाव्या अंगठ्याला चिरा पडली ती वेगळीच. कात्रीनं कापल्यावर टोकं ब्लेड होतात. टोकांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, विशेषतः पोरं हातात धरणार असतील तर.

खर्च : पाच मीटरची टेप १२० रुपये, पाइप-क्रॉस ९५, क्लिपा ६०. वेळ सहा तास, त्यातले चार सोल्डरिंगला.

२९ डिसेंबर

यागी हातात, वेळ बरोबर, पीपीएम बरोबर, दिवा बंद. सिग्नल आला! पण असा, की कुणी नळाची तोटी उघडझाप करतंय. पाच सेकंद आहे, दहा सेकंद नाही.

मी मोबाइलच्या कंपासवर बघून यागी फिरवत होतो. कंपास मोबाइलात, मोबाइल हातात, हात स्टीलच्या तीन पट्ट्यांना लागून. सुई चाळीसेक अंश चुकत होती, गच्चीच्या लोखंडी रेलिंगजवळ अजून जास्त. मी मन लावून रिकाम्या आकाशाकडे नेम धरत होतो.

आता कंपास बंद. गच्चीच्या कठड्यावर खडूनं दिशा लिहिल्या. उत्तर ध्रुवताऱ्यावरून, वायव्य म्हणजे पाण्याची टाकी, आग्नेय म्हणजे गिरणीची जुनी चिमणी. उंचीच्या अंशांसाठी भाचीनं कंपासपेटीतला कोनमापक बूमला चिकटवला, त्याला दोरा आणि दोऱ्याला नट. दोरा जिथं थांबेल तो कोन. आतापर्यंतचं सगळ्यात स्वस्त आणि एकदाही न बिघडलेलं उपकरण.

३० डिसेंबर, सोमवार

आलं.

दिवस मावळून थोडाच वेळ झाला होता. वायव्येला टाकीच्या वर एक ठिपका उगवला, विमानासारखा पण न लुकलुकणारा, आणि सरळ आमच्याकडे निघाला. इतके दिवस आम्ही त्याला स्क्रीनवर शोधत होतो, डोळ्यांनी बघायचं विसरलोच होतो. भाचीनं यागी त्याच्यावर धरली. ठिपका दिसतोय म्हटल्यावर कोनमापकही नको. लॅपटॉपमधून आवाज आला : अर्ध्या सेकंदाला एक टक्, आणि दोन टकांच्या मध्ये किर्र असा रंगीत आवाज. 'रंगीत' हा तिचा शब्द.

पीडी-१२० मध्ये प्रत्येक टकेला चित्राच्या दोन ओळी भरतात. पूर्ण चित्र ६४० बाय ४९६, वेळ १२६ सेकंद. ओळ ओळ करत वरून खाली उतरतं. आधी निळी पट्टी, मग करडं काहीतरी, मग त्यात अक्षरांची वरची टोकं. कुठलं अक्षर आहे ते कळायला पुढच्या दोन टकांची वाट बघायची. R दिसलं, S दिसलं, शून्य दिसलं. आरएस०आयएसएस, स्टेशनचा रशियन कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव. मग भाचीचा हात दुखला, यागी खाली गेली, चित्राच्या मधोमध मुंग्यांचा पट्टा आला. तिनं हात बदलला, चित्र परत. तो पट्टा अजून तसाच आहे. प्रिंट काढून तिच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. 'माझा हात' असं बाण काढून लिहिलंय.

दुसरी शिकवण याच पासात : चित्राच्या सुरुवातीचा विशिष्ट सूर चुकला तर सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत नाही. मोड 'ऑटो'वर न ठेवता हातानं पीडी-१२० निवडून ठेवावा, मग मधूनही पकडतं.

रात्री दहाला श्रीहरिकोटावरून पीएसएलव्हीनं स्पेडेक्सचे दोन उपग्रह सोडले. टीव्हीवर बघितलं. अवकाशात एकमेकांना जोडायचे आहेत म्हणे. पुढं भारताचं स्टेशन करायचं तर हे यायलाच हवं. आईनं विचारलं, त्यांचंही चित्र येणार का. नाही म्हटलं.

५ जानेवारी २०२५

मोहीम संपली. हिशेब : १९ पास प्रयत्न, ११ चित्रं, त्यातली स्वच्छ ४. मधल्या दिवसांत जे जे चुकलं ते एकत्र :

स्क्वेल्च चालू राहिला होता. सिग्नल जरा पडला की आवाजच बंद, चित्रात काळे पट्टे. पूर्ण उघडा ठेवा.

लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज 'सुधारणारं' काहीतरी चालू होतं. ते किर्र आवाजाला नॉइज समजून पुसत होतं. चित्रं धुतल्यासारखी यायची. बंद केल्यावर रंग आले.

चित्र तिरपं यायचं, भिंतीवरचं कॅलेंडर कलल्यासारखं. साउंड कार्डाचा वेग किंचित चुकतो त्यामुळं. सॉफ्टवेअरमध्ये स्लँटची दुरुस्ती असते, एकदाच करावी लागते.

आणि मनगट. पासच्या मध्ये सिग्नल अचानक बसतो तेव्हा दिशा चुकलेली नसते, लहरीचा कल बदललेला असतो. यागी तिथंच धरून पाव वळसा फिरवायची, स्क्रू पिळल्यासारखी. हे कुणी सांगितलं नव्हतं, चिडून फिरवताना सापडलं.

३० जानेवारी

चित्रं नाहीत तेव्हा स्टेशनवरचा रेडिओ बऱ्याचदा रिपीटर म्हणून चालतो. खालचे हॅम १४५.९९० वर बोलतात, स्टेशन ते ४३७.८०० वर परत खाली सोडतं. हा रेडिओ युरोपच्या कोलंबस मॉड्यूलमध्ये आहे. आमची टेपची यागी १४५ ची, पण ४३७ जवळजवळ तिप्पट असल्यानं तिच्यावर कसंबसं ऐकू येतं. जानेवारीत तीन-चार वेळा व्हीयू नं सुरू होणारे भारतीय कॉलसाइन ऐकले. इथं डॉप्लर दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, ट्यूनिंग सतत खाली ओढत न्यावं लागतं.

आज मात्र संध्याकाळी काही नाही. केबल बदलली. कनेक्टर परत डागले. पीपीएम तपासला. डोंगल फ्रिजवर ठेवून थंड केलं, परत तापवलं. साडेनऊपर्यंत जेवलो नाही. शेवटी मिरजेच्या काकांना फोन. ते हसले. "अहो, आज स्पेसवॉक आहे. माणसं बाहेर असताना रेडिओ बंद ठेवतात."

बाहेर होत्या त्या सुनीता विल्यम्स, आणि बुच विल्मोर. पाच तास २६ मिनिटं. त्या दिवशी त्यांचा एकूण स्पेसवॉकचा वेळ ६२ तास ६ मिनिटं झाला, महिलांमध्ये सगळ्यात जास्त, आणि आमचे दोन चांगले कनेक्टर उगाच कापले गेले. आता डागण्याआधी स्टेशनचं वेळापत्रक बघतो. स्पेसवॉक, यान जोडणं-सुटणं, अशा वेळी हवेत शांतता असू शकते.

१६ फेब्रुवारी

लॅपटॉपमधल्या कक्षेच्या आकड्यांना (टीएलई) तीन आठवडे हात लावला नव्हता. आज पास सव्वा मिनिट उशिरा आला. सव्वा मिनिट म्हणजे काय, स्टेशन सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त जातं, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. वरच्या विरळ हवेनं स्टेशन हळूहळू खाली येतं, मग मधूनमधून इंजिन पेटवून कक्षा उचलतात. उचलल्यावर एक फेरी किंचित लांबते, आणि तो किंचित दिवसाला साडेपंधरा वेळा साठत जातो. आकडे दर दोन-तीन दिवसांनी ताजे करायचे. मोबाइलची अ‍ॅप स्वतः करतात, लॅपटॉपवरचं आम्ही विसरतो.

१९ मार्च

पहाटे साडेतीनला सुनीता विल्यम्स फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरल्या. २८६ दिवस. अख्खी गल्ली जागी. अण्णा कॉफी घेऊन आले, "लाव की तुझं ते, आवाज येतोय का बघू." त्यांना घेऊन आलेलं ड्रॅगन यान या बँडवर बोलत नाही हे पहाटे साडेतीनला समजावणं अवघड असतं. टीव्हीच बघितला.

२४ मे

पावसानं यंदा मे महिन्यातच गाठलं. यागी गच्चीवर पाइपला बांधून ठेवायची दुर्बुद्धी झाली होती, रोज काढा-घालायचा कंटाळा म्हणून. परवाच्या वादळी पावसात पुढचा दांडा मधोमध मोडला. टेपची यागी वाऱ्यात लवते आणि परत उभी राहते, हे खरं. पण दोनशे वेळा लवली की घडीवर तुटते. नवीन दांडा, १२० रुपये, एक तास. सोल्डरिंगला आता वीस मिनिटं लागतात, चार तास नाही.

घाई आहे, कारण शुभांशु शुक्ला जायचेत. मोहिमेचं नाव अ‍ॅक्सियम-४. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी भारतीय माणूस अवकाशात, आणि या स्टेशनवर तर पहिलाच. ते शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवर बोलणार आहेत.

११ जून

आधी २९ मे होती. मग ८ जून. मग १०, मग वाऱ्यामुळं ११, आता फाल्कन रॉकेटच्या खालच्या टप्प्यात द्रव ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून तीही गेली. भाचीनं कॅलेंडरवर चार फुल्या मारल्यात. रॉकेटची गळती शोधणाऱ्यांबद्दल मला आता आपुलकी वाटते.

पुढच्या नोंदीआधी एवढंच : यानंतर स्टेशनवरच्या झ्वेझ्दा मॉड्यूलच्या मागच्या बोगद्यातली जुनी हवागळती निघाली. ती तपासेपर्यंत १९ आणि २२ या तारखाही गेल्या.

२६ जून

काल दुपारी १२ वाजून १ मिनिटाला उडालं. शाळेत प्रोजेक्टर लावला होता म्हणे. आज चारच्या सुमारास यान हार्मनी मॉड्यूलच्या वरच्या दाराला लागलं. कमांडर पेगी व्हिटसन, पायलट शुक्ला, सोबत पोलंड आणि हंगेरीचा एकेक जण. शुक्ला वर मूग आणि मेथी उगवून बघणार आहेत. प्रयोग धारवाडचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. आईचं मत : मटकी न्यायला हवी होती.

२ जुलै

शुक्रवारी दुपारी पावणेचारला बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातली मुलं त्यांच्याशी बोलणार. इथून बेंगळुरू सरळ रेषेत पाचेकशे किलोमीटर. स्टेशन ४०० किलोमीटर उंचावर, तिथून दोन हजार किलोमीटरपर्यंतचं सगळं त्याच्या नजरेत. म्हणजे बेंगळुरूला ऐकू येईल ते आपल्यालाही यायला हवं.

आज तालीम केली तर सिग्नल बारीक. बारीक म्हणजे जानेवारीच्या पाव. दीड तास शोधलं. कनेक्टरवर मी साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. ती पाणी अडवत नाही, उलट आत गेलेलं पाणी धरून ठेवते. उघडल्यावर आतून हिरवट पाणी ठिबकलं, आणि वेष्टणाच्या जाळीतून वर चढून एक वीतभर केबल काळी पडली होती. तेवढी कापून टाकली. केबलवाल्यांची ती ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप आणली, ११० रुपये. आधी ती, वर काळी. आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक झोल, पाणी तिथून गळून पडेल असा.

४ जुलै, शुक्रवार

बहिणीनं वर्गशिक्षकांना चिठ्ठी दिली : शेवटचे दोन तास मुलीला स्पेस स्टेशन ऐकण्यासाठी सोडावे. सोडलं!

सव्वातीन. भुरभुर पाऊस. ढग इतके खाली की टाकीचं डोकं दिसेना. गच्चीच्या जिन्याच्या छपराखाली लॅपटॉप, भाची रेनकोटमध्ये यागी घेऊन बाहेर. डोंगल तापत ठेवलेलं.

साडेतीनला लाइट गेली. माझ्या पोटात गोळा. लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासाची, त्यातली किती खरी देव जाणे. स्क्रीन मंद केली, वायफाय बंद. मग लक्षात आलं काय झालंय ते. गल्लीतले सगळे माग थांबले होते. इचलकरंजीत भर दुपारी पावसाचा आवाज ऐकू येत होता. आणि वॉटरफॉल असा काळाभोर मी सहा महिन्यांत बघितला नव्हता, एकही उभी रेघ नाही.

ठरल्या वेळेला १४५.८०३ च्या आसपास एक रेघ उमटली. आधी नुसती सळसळ, मग त्यात माणूस. इंग्रजी, शांत, घाई नसलेला. प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'ओव्हर'.

एक गोष्ट आधी सुचलीच नव्हती : आपल्याला उत्तरंच ऐकू येतात. प्रश्न बेंगळुरूहून वर जातात, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, आणि जमिनीवरून पाचशे किलोमीटर ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. 'ओव्हर' झालं की शांतता, नुसती रेडिओची सळसळ, दहा-पंधरा सेकंद. मग परत तोच आवाज, दुसऱ्याच विषयावर. भाची पावसात उभी राहून शांततेत ओरडायची, "मामा, लिही, यांना झोपेचं विचारलं असणार!" मी कोनाचा अंश ओरडायचा, ती प्रश्न. मी एका हातानं ट्यूनिंग खाली आणत, दुसऱ्यानं लिहीत होतो.

शेवटी आवाज सळसळीत बुडाला. बॅटरी ९ टक्के.

आता मोठी चूक. रेकॉर्डिंग दाबलं होतं, पण ऑडिओच्या ऐवजी बेसबँड (डोंगलमधून येणारा सगळा कच्चा सिग्नल) निवडलेलं राहिलं. त्याला मिनिटाला जवळजवळ ६०० एमबी लागतात. डिस्कवर अडीच जीबी मोकळी. चार मिनिटं वीस सेकंदांनी फाइल गुपचूप थांबली, स्क्रीन मंद केल्यामुळं इशारा दिसला नाही. निम्म्याहून जास्त बोलणं आमच्याकडे नाही. ऑडिओ निवडला असता तर जुन्या पेन ड्राइव्हवर मावलं असतं.

लाइट पाच वाजता आली.

१५ जुलै

दुपारी तीनला शुक्लांचं यान कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ समुद्रात उतरलं. यागी खोलून, पुसून, माळ्यावर ठेवली. पावसाचा जोर आहे, पुढचं दिवाळीनंतर.

एकूण खर्च : इस्त्री, टेप, दोनदा कापलेले कनेक्टर, सगळं धरून ३,२४० रुपये. त्यातले सातशे-आठशे चुकांचे. पहिल्यापासून करायचं असेल तर डायपोल सोडून थेट यागी करा, आणि वाचलेले पैसे बऱ्या डोंगलात घाला.

राहिलेलं काम : हॅमच्या परीक्षेचा अर्ज. काकांनी अभ्यासाच्या नोट्स दिल्यात, मोर्सच्या पानापाशी मी अडकलोय.

वहीच्या शेवटच्या पानावर भाचीनं ४ जुलैचे ओळखलेले प्रश्न नंबर घालून लिहिलेत, समोर ऐकलेल्या उत्तरातले जमतील ते शब्द. सातव्या नंबरसमोर उत्तर आहे, प्रश्नाची जागा रिकामी. तिथं पेन्सिलीनं फक्त 'मामा मनगट फिरव म्हणाला तेव्हा' असं लिहिलंय.